तोरणमाळची गिटार आणि धडगावची बासरी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या बॅचमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपली पिढी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, म्हणून असेल. पण आज सकाळपासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, “दर डिसेंबरला तुम्ही तोरणमाळला जाऊन करता काय?” व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दिसतात, गिटारी दिसतात, भाकऱ्यांची चळत दिसते, पुढचं काही कळत नाही. म्हणून त्यातल्या एका संध्याकाळविषयी बोलते. तंत्रज्ञान त्यात आपोआप येईल, संयोजकांनी काळजी करू नये.

आपल्या शाळेत पेटी होती, तबला होता, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीला ढोल होता. गिटार नव्हती. ती आपल्या कानावर आली रेडिओवरून. ‘यादों की बारात’ १९७३ चा, म्हणजे आपल्या जन्माच्याही आधीचा. पण त्यातल्या ‘चुरा लिया है तुमने’ला गिटारवर भूपिंदर सिंग आहेत, ज्यांना आपण गझलगायक म्हणून ओळखतो, हे मला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कळलं आणि तिथेच मी गिटार हातात घेतली. आपला नवापूरचा मित्र चर्चमध्ये शिकला. आपला बँकवाला चाळिशीनंतर यूट्यूबवर शिकला. आपल्या डॉक्टरने मुलासाठी घेतलेली गिटार मुलगा वाजवीना, म्हणून स्वतःच वाजवायला घेतली. अशा चार गिटारी झाल्या. चौघांपैकी कोणीही स्टेजवर वाजवण्याच्या लायकीचं नाही. वाजवतो ते साध्या लाकडी गिटारींवर. वीज नको, स्पीकर नको. तोरणमाळला वीज गेली तरी आमचं अडत नाही.

शहाद्याहून घाट चढून आपण वर येतो तेव्हा सपाटीवरचा उकाडा खालीच राहतो. तोरणमाळची उंची अकराशे मीटरच्या वर. डिसेंबरात यशवंत तलावावरून वारा आला की शाल लागतेच. दुपारी पोहोचायचं, तीन दगडांची चूल मांडायची, आणि ज्याने जे आणलं ते एकत्र करायचं. नियम एकच, हॉटेलचं काही आणायचं नाही. त्या वर्षी नंदुरबारच्या मैत्रिणीने ठेचा आणला होता. तिच्या घरासमोरच मिरचीच्या पथारी आहेत, त्यामुळे मिरचीच्या बाबतीत तिला कोणाचीच दया येत नाही. शहाद्याहून भरताची वांगी आणि कळण्याच्या पिठाचा डबा आला होता. नवापूरकराने तूरडाळ आणली, त्याचं वरण झालं. बट्ट्या आम्ही तिथेच भाजल्या. ज्यांना मटण हवं त्यांची चूल जरा पलीकडे, ज्यांना चालत नाही त्यांची अलीकडे. यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. भाकरी मात्र दोन्ही चुलींना एकाच परातीतून जायची.

शाळेत असताना आम्हा मुलींना सातच्या आत घरात यावं लागायचं. आता आमच्या मुली सोबत येतात आणि रात्री अकराला आम्हालाच सांगतात, “मम्मी, अजून एक गाणं.”

त्या वर्षी पहिल्यांदा आपला धडगावचा मित्र आला. आठवत असेल तुम्हाला, वसतिगृहात राहायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, भूमितीत पहिला यायचा. आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे, धडगाव तालुक्यातच, डोंगरातल्या पाड्यावर. येताना त्याने घरच्या आंब्यांचा आमचूर आणला, उडदाची डाळ आणली, आणि पिशवीतून एक बासरी काढली. त्याच्या काकांनी बांबूची केलेली, तापल्या सळईने भोकं पाडलेली. होळीच्या दिवसांत ढोल-मांदलाबरोबर जी बासरी त्यांच्या पाड्यावर वाजते, तीच.

जेवणाआधी आम्ही वाजवायला बसलो. चारही गिटारी मोबाइलवरच्या अ‍ॅपने लावलेल्या. त्याने बासरी ओठाला लावली आणि पहिल्याच सुराला सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. जुळत नव्हतं. थोडंथोडकं नाही, कानाला टोचेल इतकं.

आता थोडं तंत्रज्ञान. गिटारचं अ‍ॅप गृहीत धरतं की ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा. हा आकडा देवाने दिलेला नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ ठरवला होता. ४४० ठरला तो १९३९ साली, लंडनच्या परिषदेत. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि आज प्रत्येक मोबाइलमध्ये जाऊन बसलं. आपल्याकडच्या गाण्यात असं काही नव्हतंच. गवयाचा सा जिथे, तिथे तंबोरा लावायचा. धडगावच्या काकांनी बासरी केली तेव्हा त्यांनी ना लंडनला विचारलं, ना अ‍ॅपला. हाताला बोटं जशी बसली तशी भोकं पाडली. अ‍ॅपसमोर बासरी धरली तर काटा लाल. गिटारच्या एका पडद्याचं जे अंतर, त्याच्या निम्म्याला जरा कमी एवढी ती खाली होती.

मग उपाय सुचवणं सुरू झालं. बँकवाला म्हणाला, कॅपो लावू. कॅपो म्हणजे गिटारच्या गळ्यावर लावायचा चिमटा. पण कॅपोने स्वर वर जातो, तोही एकेका पूर्ण पडद्याने. इथे खाली जायचं होतं, आणि अर्ध्या पडद्यानेही नाही. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वेळी तुझ्यासाठी पुण्याहून चांगली बासरी आणतो, गिटारला बरोबर जुळणारी. तो खरंच मायेने म्हणाला. धडगावचा मित्र हसला. म्हणाला, “आण ना भो. पण मग होळीला मी काय वाजवू? ती आमच्या मांदलाला जुळणार नाही.” आणि बासरी पिशवीत ठेवायला लागला. म्हणाला, “तुम्ही वाजवा, मी ऐकतो.”

तेव्हा नवापूरकर बोलला. तो कमी बोलतो, तुम्हाला माहीत आहे. म्हणाला, “बासरीला खुंट्या असतात का?” नसतात. बांबूची लांबी आणि भोकांची जागा एकदा ठरली की ठरली. फुंकीने स्वर थोडा इकडेतिकडे होतो, तेवढाच. “गिटारला किती खुंट्या?” सहा. “मग पिळा की.”

एवढं सोपं होतं. मी अ‍ॅपमध्ये ४४० च्या जागी ४३० केलं, पण ते अंदाजापुरतंच. शेवटी आम्ही अ‍ॅप बंद केलं. त्याने एक स्वर लांब धरला, नवापूरकराने त्यावर आपली एक तार उतरवून लावली, त्या तारेवरून बाकीच्या पाच लावल्या, आणि त्याच्या गिटारवरून आम्ही तिघांनी आमच्या. चोवीस तारा लावायला वीस मिनिटं गेली. वांगी चुलीत जास्तच भाजली. तरी कोणी कुरकूर केली नाही.

पुढची अडचण लगेच आली. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. हाताने केलेल्या बासरीची भोकं अशा हिशेबाने नसतात. त्यामुळे आम्ही सवयीचे भरगच्च कॉर्ड वाजवले की एखादा स्वर आपटायचाच. मग आम्ही कॉर्ड सोडून दिले. नुसता सा आणि प, मोकळ्या तारांवर, तंबोऱ्यासारखे. एकीने स्टीलच्या डब्यावर ठेका धरला. त्यावर त्याने होळीची चाल वाजवली. पहिल्यांदा सावकाश, मग नाचाच्या लयीत. आमच्या मुली उठून नाचायला लागल्या. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्याने वाजवता वाजवता मानेनेच पाय कसा टाकायचा ते दाखवलं.

रात्र वाढली तशी थंडी वाढली आणि पुन्हा बिनसायला लागलं. हवा थंड झाली की तिच्यातला ध्वनीचा वेग कमी होतो, म्हणून बासरीचा स्वर उतरतो. पोलादाची तार थंडीने आकसते, तिचा ताण वाढतो, म्हणून गिटारचा स्वर चढतो. म्हणजे एकदा जुळवून भागत नाही. कोणाची चूक नसते, तरी दोघं दूर जात राहतात. आम्ही दर अर्ध्या तासाने थांबायचो, तो स्वर द्यायचा, आम्ही खुंट्या पिळायचो. मध्ये मग जेवलो. “पहिले जेवी ल्या!” अशी अहिराणीत हाक आली तेव्हा साडेनऊ झाले होते. आमचुराची उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी एकत्र किती छान लागते, हे आम्हा शहाद्या-नंदुरबारच्या लोकांना त्या रात्री कळलं. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा हिशेब बरोबर झाला.

जेवताना मी त्याला विचारलं, “तुझ्या शाळेतली मुलं कशी आहेत?” तो म्हणाला, “पहिलीत येतं ते पोर पावरी बोलत येतं. पुस्तक मराठी. मी मराठीत ‘बस’ म्हणतो, ते उभंच राहतं. त्याला सगळे मंद म्हणतात. अरे, ते पोर बासरी आहे. त्याला खुंट्या नाहीत अजून. खुंट्या गुरुजीला आहेत.” तो पहिली दोन वर्षं निम्मं पावरीत शिकवतो. गोष्ट आधी पावरीत, मग तीच मराठीत. तिसरीत पोरं मराठी फडाफडा वाचतात, असं त्याने सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं लिहिलं आहे. त्याने ते धोरण येण्याच्या कितीतरी आधीपासून चालवलं आहे.

मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तो म्हणाला, “आपल्या मराठीच्या बाईंनी.” बाई, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून मुद्दाम सांगते. पाचवीत तो नवीन आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणाला होतात, आधी तुझ्या बोलीत सांग, मग आपण मराठीत करू. आणि तुम्ही स्वतः त्याच्याकडून पावरीतले शब्द वहीत उतरवून घेत होतात. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. त्याला तीस वर्षं आठवतं आहे.

आपल्या वर्गात मोजून बघा, घरी अहिराणी बोलणारे होते, गुजरी बोलणारे होते, मावची, कोकणी, भिली, पावरी बोलणारे होते. आपण दहावीचा फॉर्म भरला तेव्हा जिल्हा ‘धुळे’ लिहिला होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. जिल्हा वेगळा झाला, रस्ते झाले, आपल्यातले बरेच जण पुण्या-सुरतेला आणि त्याही पुढे गेले. आज आपल्यापैकी कोणी अधिकारी आहे, कोणी मॅनेजर, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. समोर येणारा माणूस पुष्कळदा बासरी घेऊन येतो. आपल्या फॉर्मात, आपल्या अ‍ॅपमध्ये, आपल्या ओपीडीत तो बसत नाही. तेव्हा त्याला नवी बासरी घ्यायला सांगण्याआधी आपल्याकडच्या खुंट्या बघाव्यात, एवढंच मी त्या रात्री शिकले. माझ्या कामातही ते उपयोगी पडतं. अ‍ॅप बनवताना मी आता आधी विचारते की वापरणाऱ्याला काय बदलता येत नाही. जे त्याला बदलता येत नाही, ते आम्ही बदलायचं.

शेवटी बॅचच्या वतीने एक प्रस्ताव. स्मृतिचिन्हासाठी जमलेल्या वर्गणीतून शाळेला संगमरवरी पाटी देण्याऐवजी दोन साध्या गिटारी, एक मांदल आणि एक पेटी द्यावी. बासऱ्या धडगावहून येतील, काकांशी बोलणं झालं आहे. महिन्यातून एका शनिवारी आमच्यापैकी कोणीतरी येऊन मुलांना वाजवायला बसवेल. शहाद्याच्या आणि नंदुरबारच्या मंडळींनी पहिले सहा शनिवार वाटून घेतले आहेत. नवापूरकराने सातवा घेतला आहे. आठव्यासाठी नाव हवं आहे.

आज संध्याकाळी मैदानावर आम्ही वाजवणार आहोत. धडगावचा मित्र आला आहे, बासरीही आली आहे. ज्यांच्याकडे जे वाद्य असेल ते आणा, नसेल तर डबा चालेल. लावायला वीस मिनिटं लागतील, तेवढा धीर धरा. जेवण घरचं आहे. ठेचा मात्र जपून घ्या, तो नंदुरबारच्या त्याच मैत्रिणीने केला आहे.