वारसा आणि आपले हृदय



अँजिओग्राफीचा अहवाल हाती पडला की रुग्णाचा मुलगा पुष्कळदा दबक्या आवाजात विचारतो, ‘‘डॉक्टर, आजोबा यातच गेले, आता वडिलांनाही तेच. मग माझी सुटका नाही का?’’ आज या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आईवडिलांकडून आलेली जनुके बदलता येत नाहीत, हे खरे. परंतु पेटीच्या सर्व पट्ट्या जशा एकाच वेळी वाजत नाहीत, तशी सर्व जनुकेही सदैव सारख्या जोमाने काम करीत नाहीत. पोटातील वाढलेली चरबी दाहकारक द्रव्ये रक्तात सोडते आणि या दाहामुळे रोहिण्यांच्या अस्तराला इजा पोहोचते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्प स्निग्धांशाचा शाकाहार, नियमित व्यायाम, ताणनियमन आणि समूहाचा आधार असा कार्यक्रम ६३ व्यक्तींनी वर्षभर पाळला. तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातील २६ जनुकांच्या कार्यात बदल आढळला. वर्षाअखेरीस ही संख्या १४३ झाली. दाहाशी निगडित जनुके मंदावली होती. कार्यक्रम न पाळणाऱ्या तितक्याच व्यक्तींमध्ये असा बदल जवळजवळ दिसला नाही. २०१५ मधील पुढील अभ्यासात वजनातील भरीव घट महत्त्वाची ठरली.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. व्यक्तींची संख्या लहान होती, गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि तपासणी रक्ताची होती, रोहिणीच्या भिंतीची नव्हे. म्हणून वजन घटले की हृदयविकार टळलाच, असे समजू नये आणि कोणीही आपल्या मनाने औषधे बंद करू नयेत.

तरीही त्या मुलाला मी सांगतो : वारसा म्हणजे शिक्षा नव्हे. घरी जाऊन कमरेचा घेर मोजा. भारतीय पुरुषांत तो ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. तेल, साखर, मीठ हळूहळू कमी करा, रोज चाला आणि तंबाखू सोडा. एकट्याने नव्हे, साऱ्या कुटुंबाने. कारण स्वयंपाक एकाच चुलीवर होतो.

देणगीदारांना एक विनंती. शस्त्रक्रियागृहासाठी आपण उदार हस्ते साह्य करता. तसाच हात आहारसल्ला आणि व्यायामवर्गासाठीही पुढे यावा. तेथे वाचलेले हृदय कोणत्याही यंत्रावर दिसत नाही, पण ते वाचलेले असते.