गणपतराव देशमुख : एका तालुक्याचे आमदार



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कामगार चळवळीतले म्हणून बोनस, कंत्राटी पद्धत असे काही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे नाव सांगितले. त्याला कारण आहे. युनियनच्या कचेरीत वर्षानुवर्षे एक प्रश्न येतो : "साहेब, आपण सत्तेच्या बाजूला का जात नाही? तिकडे गेलो तर चार कामे लवकर होतील." विचारणारा माणूस लुच्चा नसतो. त्याच्या खोलीचे भाडे थकलेले असते, मुलाची फी भरायची असते. त्याला आम्ही पुष्कळदा पुस्तकी उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. म्हणून हे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते का ते पाहावे, असे आम्ही ठरवले.

गणपतरावांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. वकिली शिकून ते सांगोल्यास आले आणि शेतकरी कामगार पक्षाचे झाले. हा पक्ष १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदींनी काढला. पण पुढे खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात या पक्षातील कितीतरी कर्ती माणसे तिकडे जमा झाली. ज्या काळी शहाणी माणसे पक्ष सोडीत होती त्याच काळी, १९६२ साली, गणपतराव त्या पक्षातर्फे सांगोल्यातून विधानसभेत गेले. नंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. अकरा वेळा, एकच तालुका, एकच पक्ष. मध्ये दोनदा हार झाली, १९७२ साली आणि १९९५ साली. दुसरी हार अवघ्या १९२ मतांची. दोन्ही वेळा ते पुन्हा त्याच मतदारांच्या दारी गेले आणि पुन्हा निवडून आले.

३० जुलै २०२१ रोजी, नव्वदी ओलांडून, ते गेले. तेव्हा त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी पुष्कळ छापून आल्या. एस. टी. ने हिंडणारा आमदार, साधे घर, साधे कपडे. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु साधेपणाची आरती ओवाळणे सोपे असते, बंधूंनो. आरती संपली की आपण आपल्या घरी जायला मोकळे. साधा माणूस काही न करताही साधा राहू शकतो. प्रश्न हा आहे, की बहुतेक काळ विरोधी बाकावर बसून या माणसाने केले काय?

सांगोला म्हणजे माणदेशाचा भाग. सह्याद्री ओलांडून येणारे ढग तेथवर पोचेपर्यंत रिकामे होतात. माण नदीचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे. अशा तालुक्यात पुढाऱ्याकडे लोक दोनच गोष्टी मागतात : हाताला काम आणि पाणी.

कामाचे आधी पाहू. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा लाखो माणसे खडी फोडण्यास बसली. काम द्या, वेळेवर मजुरी द्या, म्हणून डाव्या पक्षांनी गावोगाव मोर्चे काढले. त्यात शेतकरी कामगार पक्ष पुढे होता. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे. परंतु कल्पनेचा कायदा व्हावा यासाठी बाहेरून रेटा लागतो, तो या चळवळींनी दिला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. समोर बसलेल्या पगारदार मंडळींना एक आठवण देतो. आपल्या पगारातून व्यवसायकर कापला जातो, तो १९७५ साली या योजनेच्या खर्चासाठी बसवला गेला. माळावर खडी फोडणाऱ्या बाईचे आणि आपले असे नाते आहे. आपण ते विसरलो, एवढेच.

पुढे १९९० साली रोजगार हमीला फळबागांची जोड मिळाली. सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब पसरले त्यात या योजनेचा मोठा हात आहे. १९७८ साली पुलोदच्या सरकारात आणि १९९९ साली आघाडीच्या सरकारात गणपतराव मंत्री झाले. दुसऱ्या खेपेस पणनाबरोबर रोजगार हमीचे खातेही त्यांच्याकडे आले. ज्या योजनेसाठी मोर्चे काढले तिच्याच फायलीवर सही करण्याची वेळ फार थोड्यांच्या वाट्यास येते. २००२ साली पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा ते खुर्ची सोडून पुन्हा जुन्या बाकावर येऊन बसले.

आता पाण्याचे. १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी पुढे होते आणि गणपतराव त्यांच्या जोडीला. तेरा दुष्काळी तालुक्यांनी मिळून मागणी केली, की कृष्णेच्या पाण्यात आमचाही वाटा आहे. "आमच्या तालुक्याला द्या" असे म्हणण्याऐवजी तेरा तालुक्यांनी एकत्र म्हणणे, ही आमच्या भाषेत युनियनच झाली. एकट्या माणसाला साहेब केबिनमध्ये बोलावून चहा पाजतो आणि वाटेला लावतो. तेरांना तसे लावता येत नाही. टेंभूसारख्या योजनेत कराडजवळून टप्प्याटप्प्याने पाणी उचलून वर आणावे लागते. कामे रखडली, पैसे संपले, मोर्चे पुन्हा निघाले. त्यांच्या हयातीतच पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले. सगळीकडे मात्र पोचले नाही.

तिसरी गोष्ट सूतगिरणीची. गिरणी चालवणारा पुढारी म्हटला की आम्ही जरा सावरूनच बसतो. सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले. सहकारातल्या कितीतरी सूतगिरण्या चात्या फिरण्याआधीच कर्जात बुडाल्या. सांगोल्यात गणपतरावांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सूतगिरणी उभी राहिली, पाठोपाठ स्त्रियांची निराळी सूतगिरणी निघाली, आणि दुष्काळी तालुक्यातील घरांत महिन्याचा पगार जाऊ लागला. गिरणीचे पैसे गिरणीतच राहावेत, एवढी साधी शिस्तही आपल्या सहकारात किती दुर्मिळ आहे, हे आपण जाणताच.

येथे कोणी म्हणेल, सत्तेच्या बाजूला असते तर पाणी दहा वर्षे आधी आले असते. असते कदाचित. हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही, कारण दहा वर्षे म्हणजे एका बाईच्या डोक्यावरचे हजारो हंडे. परंतु मेहेरबानीने मिळालेले आणि हक्काने मिळालेले यांत फरक असतो. मेहेरबानी आपल्या माणसापुरती असते आणि देणारा गेला की तीही जाते. रोजगार हमीचा कायदा झाला तो गणपतरावांना मत न देणाऱ्यालाही लागू झाला, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यालाही लागू झाला. कचेरीत येणाऱ्या त्या कामगाराला आमचे उत्तर आता हे आहे : बाबा रे, तिकडे गेलो तर तुझे काम होईल; इकडे राहून झगडलो तर तुझ्यासारख्यांचे होईल. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात तुझे भाडे थकते. हा हिशेब आम्ही तुझ्यापासून लपवणार नाही.

खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. तालुका टिकला, पण राज्यभर पक्ष आटत गेला. आमदार मोठे झाले आणि त्यांच्या सावलीत दुसरी फळी वाढली नाही. २०१९ साली वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातवाला उभे करावे लागले आणि ७६८ मतांनी जागा गेली. २०२४ साली ती परत आली, तीही दुसऱ्या नातवामुळे. नातवंडांच्या योग्यतेविषयी आमची तक्रार नाही. परंतु घराणेशाहीशी आयुष्यभर झुंजलेल्या पक्षाला वारस घरातच शोधावा लागावा, ही दुःखाची गोष्ट आहे.

हा दोष दाखवताना आमचे बोट आमच्याकडेही वळते. आम्ही स्वतः युनियनचे सरचिटणीस कितीतरी वर्षे आहोत. वार्षिक सभेत दुसरे नाव कोणी सुचवीत नाही, आणि त्याचा आम्हांला आत कोठेतरी आनंद होतो. गणपतरावांचे आयुष्य वाचताना तो आनंद धोक्याचा आहे हे कळले. तेव्हा येत्या सभेत दुसरे नाव आम्हीच सुचवणार आहोत. ते आज या सभागृहात बोलून ठेवले, म्हणजे मागाहून माघार घेता येणार नाही.