मोठ्यांवर रुसलेला मुलगा

श्रोतेहो, कादंबरीचा नायक म्हटला कीं पूर्वीं तरुण, कर्तबगार आणि बहुधा प्रेमांत पडलेला असा पुरुष आपल्या डोळ्यांपुढें उभा राही. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र एक निराळाच नायक वाङ्मयांत येऊन बसला. त्याला मिसरूड धड फुटलेलें नाहीं, शाळेंतून त्याचें नांव कमी झालेलें आहे, आणि जगांतील झाडून सारीं मोठीं माणसें ढोंगी आहेत अशी त्याची पक्की समजूत आहे. असा मुलगा पुस्तकांत भेटला तर आपल्याला त्याचें कौतुक वाटतें; तोच आपल्या घरीं, जेवणाच्या पंक्तीस, समोर बसलेला आढळला तर आपण त्याला उद्धट म्हणतों. आज या मुलाविषयीं आपल्याशीं थोडें बोलावयाचें आहे.

या मुलांचा मेरुमणि म्हणजे होल्डन कॉलफील्ड. जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाची 'दि कॅचर इन दि राय' ही कादंबरी १९५१ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत कथानक असें फारसें नाहीं. सोळा वर्षांचा होल्डन पेन्सिल्व्हानियांतील एका निवासी शाळेंत शिकत असतो. पांचांपैकीं चार विषयांत नापास झाल्यामुळें ऐन नाताळच्या तोंडावर त्याला काढून टाकण्यांत येतें. ही बातमी घरीं पोंचण्यापूर्वींच तो एका रात्रीं शाळा सोडतो, आणि आईबाप ज्या न्यूयॉर्क शहरांत राहतात त्याच शहरांत, हॉटेलांतून आणि रस्त्यांवरून एकटाच भटकत राहतो. ही हकीकत तो स्वतःच्याच अद्वातद्वा भाषेंत सांगतो. त्या भाषेमुळें अमेरिकेंतील कित्येक शाळांनीं हें पुस्तक वर्ज्य ठरविलें, आणि कित्येक शाळांनीं तें अभ्यासास लावलें!

या मुलाचा मोठ्यांवर विश्वास नाहीं, असें सामान्यतः म्हणतात. तो स्वतःही तसेंच म्हणतो. परंतु त्याचें बोलणें क्षणभर बाजूस ठेवून त्याचे पाय कोठें वळतात तें पाहूं या. शाळा सोडण्यापूर्वीं तो इतिहासाच्या वृद्ध शिक्षकांचा, स्पेन्सर मास्तरांचा, निरोप घ्यावयास त्यांच्या घरीं जातो. रात्रीं टॅक्सीवाल्यांना विचारतो कीं, सेंट्रल पार्कमधील तळें गोठलें म्हणजे त्यांतलीं बदकें जातात तरी कोठें? सकाळीं न्याहारीच्या वेळीं शेजारीं बसलेल्या दोन ख्रिस्ती जोगिणींशीं तो मन मोकळें करून बोलतो, आणि त्यांच्या धर्मकार्यास दहा डॉलर देतो. शेवटीं एका अपरात्रीं आपल्या जुन्या शिक्षकांच्या, अँटोलिनींच्या, दारीं जाऊन उभा राहतो. ज्याचा विश्वास खरोखरीच उडाला आहे, तो इतकीं दारें कशाला ठोठावील? विश्वास ठेवण्याजोगें एक तरी मोठें माणूस हा मुलगा शोधीत हिंडत आहे, असेंच मला वाटतें.

आणि त्याला मिळतें काय? स्पेन्सर मास्तर मनानें मायाळू. पण घरीं आलेल्या मुलाला समोर बसवून ते त्याचीच नापास झालेली उत्तरपत्रिका त्याला मोठ्यानें वाचून दाखवितात! बदकांचा प्रश्न एका टॅक्सीवाल्यास थट्टा वाटते, तर दुसरा चिडून बदकांऐवजीं माशांविषयींच बोलत सुटतो. अँटोलिनी आसरा देतात, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. पण मध्यरात्रीं होल्डनला जाग येते तों अंधारांत ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत आहेत. हा स्पर्श मायेचा कीं आणखी कशाचा, हें लेखकानें उलगडून सांगितलेलें नाहीं. मुलगा भिऊन निघून जातो, आणि मग आपण उगाच तर संशय घेतला नाहीं ना, अशी रुखरुखही त्याला लागून राहते.

या वणवणीच्या मुळाशीं एक दुःख आहे. त्याचा धाकटा भाऊ ॲली १९४६ च्या जुलैंत रक्ताच्या कर्करोगानें वारला. त्या वेळीं होल्डन तेरा वर्षांचा होता. त्या रात्रीं त्यानें गॅरेजच्या खिडक्यांच्या कांचा नुसत्या मुठीनें फोडल्या, आणि हात कायमचा अधू करून घेतला. भावाचा बेसबॉलचा हातमोजा, ज्यावर त्या पोरानें हिरव्या शाईनें कविता लिहून ठेवल्या होत्या, तो त्यानें जिवापाड जपला आहे. त्या भटकंतींत त्याला अभ्यासाविषयीं विचारणारे, भविष्याविषयीं बजावणारे भेटतात. भावाविषयीं मात्र एकही मोठें माणूस विचारीत नाहीं.

आपल्या भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'ची या पुस्तकाशीं पुष्कळदां तुलना झाली आहे. खानदेशांतील खेड्यांतून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर होल्डनहून वयानें मोठा. आणि त्याचें भांडण घरच्या वडिलांशीं, म्हणजे अधिक जवळचें. पण त्याच्याही थट्टेखोर बोलण्याआड मनी या लहान बहिणीच्या मृत्यूचा घाव आहे. पोराचें बोलणें तिरकस झालें कीं आपण त्याची जीभ पाहतों. घाव पाहावयाचा राहून जातो.

होल्डन एकदां चोरपावलांनीं स्वतःच्या घरांत शिरतो, तें दहा वर्षांच्या बहिणीला, फीबीला, भेटण्यासाठीं. जगांत तुला आवडणारी एक तरी गोष्ट सांग, असें ती त्याला विनविते. मोठ्यांपैकीं कोणालाही न सुचलेला हा प्रश्न! तेव्हां तो आपलें स्वप्न सांगतो. राय नांवाच्या धान्याच्या शेतांत हजारों मुलें खेळत आहेत, शेजारीं उंच कडा आहे, आणि धांवतां धांवतां कड्याशीं आलेल्या प्रत्येक मुलाला आपण झेलीत आहों. पुस्तकाचें नांव यावरूनच पडलें. इतक्यांत बाहेर गेलेले आईबाप परततात. आई खोलींत येते, सिगारेटचा वास कसला म्हणून विचारते. बहीण तो अपराध आपल्यावर घेते. मुलगा कपड्यांच्या कपाटांत लपलेला आहे. आई चार पावलांवर, आणि मध्यें एक लांकडी दार! वडील तर साऱ्या कादंबरींत एकदांही प्रत्यक्ष दिसत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं मात्र पारडें फिरतें. घर कायमचें सोडण्यास निघालेल्या भावाबरोबर जाण्यासाठीं फीबी आपली पेटी ओढीत येऊन उभी राहते. आतां मोठें होण्याची पाळी त्याच्यावर येते. तो तिला रागें भरतो, नाहीं म्हणतो, आणि स्वतःचा बेतही सोडून देतो. मग तो तिला बागेंतल्या गोल फिरणाऱ्या लांकडी घोड्यांवर बसवितो. घोड्यांवरचीं मुलें सोनेरी कडी पकडण्यासाठीं हात लांबवितात. पडण्याचें भय उघड असतें. पण तो तिला अडवीत नाहीं. पाऊस कोसळत असतां बांकावर बसून तिच्याकडे पाहत राहतो. सर्वांना झेलण्याचें त्याचें स्वप्न तेथें संपतें, आणि जवळ बसून राहण्याचें काम सुरू होतें.

श्रोतेहो, घरांतला मुलगा अबोल झाला, उलट उत्तरें देऊं लागला, तर त्याला बोल लावण्यापूर्वीं तो आपल्या दारावर केव्हां थाप मारून परत गेला, हें आठवून पाहावें. उत्तरपत्रिकेचा विषय दुसऱ्या दिवशीं काढला तरी चालतो. आज कदाचित् त्याला बदकांविषयींच विचारावयाचें असेल.