शेजारच्या मशीनवरचा खोकला



सकाळी नऊच्या सुमाराला कात्रज चौकात उभं राहिलं, तर डब्याची पिशवी घेऊन निघालेल्या बायकाच बायका दिसतात. कुणी शिवणाच्या युनिटमध्ये, कुणी पॅकिंगला, कुणी ऑफिसच्या साफसफाईला, कुणी दवाखान्यात, कुणी चार घरची कामं करायला. घरच्या माणसांपेक्षा जास्त वेळ आपण कामावरच्या बायकांबरोबर काढतो. म्हणून आज त्या जागेतल्या एका आजाराबद्दल बोलू. क्षयरोग, म्हणजेच टीबी.

समजा, तुमच्या युनिटमध्ये १४ जणी काम करतात. त्यातली एक दोन महिन्यांपासून खोकत होती. मग ती आठवडाभर आली नाही आणि कळलं, की तिला टीबी निघाला. पुढे काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. तिचा पेला बाजूला काढला जातो. तिच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. एक म्हणते, "मी तर तिच्या डब्यातली भाजी खाल्ली!" दुसरी म्हणते, "शेठला सांगा, तिला आता घेऊ नका." आणि ज्या बाईला स्वतःलाच तीन आठवडे खोकला आहे, ती हे सगळं ऐकते आणि गप्प बसते. आजचं माझं बोलणं त्या गप्प बसलेल्या बाईसाठी आहे.

आधी भाजीचं सांगते. टीबी डब्यातून, पेल्यातून, कपड्यातून, हातात हात घेतल्याने किंवा एकच संडास वापरल्याने होत नाही. तो हवेतून होतो. फुप्फुसाचा टीबी असलेलं माणूस खोकतं, शिंकतं, मोठ्याने बोलतं, तेव्हा बारीक थेंबांबरोबर जंतू हवेत येतात. बंद खोलीत ते काही तास तरंगत राहू शकतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. मानेतल्या गाठीचा, हाडाचा किंवा गर्भाशयाचा टीबी असेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही.

म्हणून तिचा पेला कुठे ठेवायचा, हा प्रश्न सोडून द्या. तिच्याबरोबर किती तास आणि कशा हवेत बसलो, हे विचारा. जिन्यात पाच मिनिटं भेटलेल्या बाईला धोका फार कमी. शेजारच्या मशीनवर, खिडक्या बंद असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने बसलेल्या बाईला जास्त.

दुसरी गोष्ट. जंतू अंगात जाणं आणि आजार होणं हे एकच नाही. ज्यांच्या अंगात जंतू जातो, त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच टीबी होत नाही. शंभरातल्या साधारण ५ ते १० जणांना होतो आणि त्यातही जास्त करून पहिल्या दोन वर्षांत. शरीर अशक्त असेल, मधुमेह असेल, एचआयव्ही असेल, तंबाखूची सवय असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर धोका वाढतो. लहानपणी बीसीजीची लस टोचली होती म्हणून निर्धास्त राहू नका. ती लहान मुलांना गंभीर टीबीपासून वाचवते, मोठ्या माणसाला तिचा तसा भरवसा नाही.

मग त्या उरलेल्या १३ जणींनी काय करायचं? महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात जायचं आणि स्पष्ट सांगायचं, "माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईला टीबी निघालाय, आम्ही रोज इतके तास एका खोलीत असतो." मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर तोही सांगायचा. तिचा टीबी साध्या औषधांना दाद न देणारा आहे असं कळलं असेल, तर तेही सांगायचं, कारण त्यावरून डॉक्टर पुढचं ठरवतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, भूक मरणं, बेडक्यात रक्त, यांतलं काहीही असेल तर बेडका तपासायला द्या. बेडका म्हणजे तोंडातली थुंकी नव्हे. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला असला, तरच तपासणी नीट होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवर काही तासांत टीबी कळतो आणि त्याचं एक मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही कळतं. सोबत छातीचा एक्स-रे काढतात. सरकारी केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. शहरात शुक्रवार पेठेत गाडीखान्याचं डॉ. कोटणीस आरोग्य केंद्र आहे, औंधला छातीच्या आजारांचं उरो रुग्णालय आहे. कुठे जावं हेच कळत नसेल, तर १८००-११-६६६६ या सरकारी नंबरवर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

काहीच त्रास नसेल तरी एकदा जाऊन या. जंतू अंगात गेलाय का, हे पाहायला कातडीवरची किंवा रक्ताची तपासणी असते. पण लागण झाली, की दुसऱ्याच दिवशी ती तपासणी सांगत नाही. साधारण दोन महिने जावे लागतात. म्हणून पहिली तपासणी चांगली आली की विषय संपला असं धरू नका. परत कधी यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि दोन वर्षं स्वतःच्या खोकल्याकडे लक्ष ठेवा. आजार नाही, पण धोका आहे, असं डॉक्टरांना वाटलं, तर ते प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. त्यातला एक प्रकार रोज घ्यायचा, सहा महिने. दुसरा आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. कुणाचं ऐकून दुकानातून आणून या गोळ्या घेऊ नका. अंगात खरा टीबी असेल, तर अर्धवट औषधाने तो हट्टी होतो.

आता त्या चौदाव्या बाईकडे येऊ, जिला टीबी झालाय. साध्या टीबीचं औषध सहा महिन्यांचं असतं, दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. लागू पडणारं औषध सुरू झालं, की तिच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. बहुतेकींना दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर कामावर जायची परवानगी देतात. म्हणजे जिला आपण हाकलायला निघालो, ती औषध घेणारी बाई आपल्याला धोक्याची नाही. धोक्याचा आहे तो तपासणीच न केलेला खोकला. आणि एकीला हाकलल्याचं बघितलं, की दुसऱ्या दहा जणी आपला खोकला लपवतात. खोकल्याचं औषध पितात, पदरात तोंड घालतात आणि त्याच खोलीत बसून राहतात. खाडा पडला तर पैसे कापतील, नाव कळलं तर काम जाईल, ही भीती आजार पसरवते.

हे मी नुसतं मनाने सांगत नाही. १९५६ साली त्या वेळच्या मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरीच औषध दिलं. घरी राहिलेले रुग्ण तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरातल्या माणसांना सॅनेटोरियममधल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त टीबी झाला नाही. माणूस दूर पाठवून नाही, औषध देऊन आजार थांबतो, हे तेव्हाच दिसलं. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत इथे पुण्यात, वयाच्या २१ व्या वर्षी, याच आजाराने गेल्या. तेव्हा औषधच नव्हतं. आज औषध आहे, फुकट आहे, आणि तरी एखादी बाई काम जाईल म्हणून ते घ्यायला जात नाही.

पैशाचं सांगते. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला १००० रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. नोंदणी करताना खात्याचा नंबर द्यायला विसरू नका. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर क्षयरोग हा तिथल्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीच्या मुदतीच्या अटीत बसलात, तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या सुमारे ८० टक्के भत्ता मिळू शकतो. मालकाने राजीनाम्यावर सही मागितली, तर ती करण्याआधी ईएसआयच्या कार्यालयात जाऊन विचारा. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण ही नोंद सरकारकडे होते. तिचं नाव कामावर सगळ्यांपुढे वाचून दाखवायचा अधिकार कुणालाही नाही. "आपल्याकडे एक रुग्ण आढळला आहे, सगळ्यांनी तपासून घ्या," एवढं मालकाने सांगितलं तरी पुरे.

ज्यांच्या घरी धुणंभांडी करायला ताई येतात, त्यांच्यासाठी एक शब्द. त्या ताईंना ईएसआय नाही, रजा नाही. त्यांना टीबी निघाला, तर तेवढे आठवडे पगारी सुट्टी द्या आणि काम राखून ठेवा. त्या औषध पुरं करतील. तुमच्या घराच्या काळजीचाही हाच मार्ग आहे.

आपल्या बायकांच्या दोन गोष्टी, ज्या कुणी बोलत नाही. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून तेवढे दिवस दुसरं साधन डॉक्टरांना विचारून घ्या. त्याच औषधाने लघवी नारिंगी होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा दिसायला कमी आलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधीच सांगा. उपचार तेव्हाही करता येतो आणि करायलाच हवा.

शेवटी खिडकीचं. हायवेची धूळ येते म्हणून आपण युनिटच्या खिडक्या बंद ठेवतो. समोरासमोरच्या दोन उघडा, म्हणजे हवा आरपार जाईल. एकच खिडकी असेल, तर पंखा असा ठेवा की आतली हवा बाहेर फेकली जाईल. खोकणारीने मास्क लावावा, तो तिच्या तोंडावर जास्त उपयोगी पडतो. सुपरवायझरकडे एकट्या जाऊ नका, चार जणी मिळून जा.

आणि उद्या शेजारच्या मशीनवर कुणी खोकत असेल, तर तिला जरा बाजूला घेऊन विचारा, "किती दिवस झाले गं? चल, शनिवारी मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात."