पानें लावणाऱ्याची शिदोरी



दिवाळी आटोपली, धानाची कापणी मार्गीं लागली, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, ज्यास आपण वडसा म्हणतों, हें या झाडीपट्टी रंगभूमीचें मुख्य ठाणें. तेथें नाटकमंडळ्यांचीं कार्यालयें थाटतात, तारखा ठरतात आणि गांवोगांवीं रात्रभर प्रयोग चालतात. या रंगभूमीचे कलावंत श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, हें आपणांस ठाऊक आहेच. परंतु नाटकाच्या आधीं गांवांत पोहोंचते ती त्याची जाहिरात. ती ज्याच्या हातून तयार होते, त्या संगणकापाशीं बसून पानें लावणाऱ्या तरुणाविषयीं मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पूर्वीं छापखान्यांत खिळे जुळविणारा कारागीर उमेदवारी करून शिकत असे. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ति सुबक अक्षराची होती, आणि तसें अक्षर वर्षानुवर्षांच्या हातवळणानेंच साधतें. १९८५ सालीं पेजमेकर हें पृष्ठरचनेचें सॉफ्टवेअर निघालें आणि पुढें खिळे गेले. दुःख खिळ्यांचें नाहीं. त्यांच्याबरोबर उमेदवारीही गेली, याचें आहे. आजचा तरुण कोणतें बटण कोठें आहे हें शिकतो. अक्षर कसें जुळतें, हें त्यास सांगणारा कोणी नसतो.

यांतून काय घडतें तें पहा. जुन्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडली, तर मराठीच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. युनिकोडमध्यें प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून मजकूर कोठेंही वाचतां येतो आणि शोधतांही येतो. पेजमेकरला युनिकोड समजत नाहीं, आणि त्याचा विकास २००४ सालींच थांबला. कागदावर दोन्ही पानें सारखींच दिसतात. फरक कळतो तो दहा वर्षांनीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यांत अनेक ग्रामसभांनीं त्याच वाटेनें पावलें टाकलीं. अशा ग्रामसभेचा ठराव किंवा जंगलाचा आराखडा तीस वर्षांनीं नातवास उघडतां आला नाहीं, तर हक्काचा पुरावा घरांत असूनही मुका राहील.

तेव्हां शिदोरींतील पहिली वस्तु ही : नवें काम युनिकोडमध्येंच करावें. जुन्या फाईली रूपांतरकानें बदलतां येतात. मात्र प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी असल्यामुळें त्या त्या फाँटाचाच रूपांतरक घ्यावा, आणि बदललेलें प्रत्येक पान मुळाशीं ताडून पुन्हां तपासावें.

दुसरी वस्तु पूरक साधनांची. इनडिझाईनमध्यें मराठी लिहितांच पुष्कळांची निराशा होते. ‘विदर्भ’ लिहावा, तर वेलांटी व च्या पुढें जाऊन बसते आणि रफार खालीं उतरून र चा पाय मोडतो. दोष बहुधा फाँटाचा नसतो. त्या सॉफ्टवेअरमध्यें जोडाक्षरें जुळविणारी ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ नांवाची निराळी योजना आहे. ती परिच्छेदाच्या मेनूंतून निवडावी लागते. २०१२ च्या सी.एस.६ आवृत्तींत तर ‘इंडिक प्रेफरन्सेस’ नांवाची एक लहानशी स्क्रिप्ट दिलेली होती. ती एकदां चालविली कीं भारतीय भाषांची सर्व व्यवस्था लागे. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यानें किती जण निष्कारण जुन्या फाँटाकडे परतले असतील!

त्याच ठिकाणीं मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी, म्हणजे ज्या फाँटांत सोय आहे तेथें ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. र चीही काळजी घ्यावी. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत गुरु आणि स्वयंपाकी यांचें अंतर आहे! 

ज्यास महागडें सॉफ्टवेअर परवडत नाहीं, त्यास स्क्रायबस मोफत आहे. २०२४ सालीं आलेली त्याची १.६ ही आवृत्ति देवनागरी नीट जुळविते. त्यास पायथन भाषेंतील स्क्रिप्टा जोडतां येतात. समजा, तेंदूपानाच्या हंगामांत ग्रामसभेस कुटुंबागणिक पत्रकें छापावयाचीं आहेत. एक नमुना तयार करून ‘स्क्रायबस जनरेटर’ या स्क्रिप्टेस नांवांची यादी दिली, कीं सर्व पत्रकें आपोआप भरून येतात. रात्रभराचें काम घटकेंत होतें, आणि नांव उतरवितांना होणारी चूकही टळते.

गोंडीचाही विचार येथेंच करावा. मंगलसिंग मसराम यांनीं केलेली गोंडी लिपि २०१७ सालीं, आणि शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा गांवच्या पोथ्यांतील लिपि २०१८ सालीं युनिकोडमध्यें आली. दोहोंचेही नोटो फाँट मोफत मिळतात. पुस्तक हातीं घेण्यापूर्वीं एक पान लावून, छापून, ती लिपि वाचणाऱ्या जाणत्यास दाखवावें, एवढेंच पथ्य.

तिसरी वस्तु शिकण्याची. हीं सॉफ्टवेअरें शिकविणारें बहुतेक साहित्य इंग्रजींत आहे. हा अडथळा खरा. पण तो आपणच दूर करूं शकतों. प्रत्येक दुकानांत एक वही असावी. जी अडचण आज सुटली, ती कशी सुटली, तें त्याच दिवशीं मराठींत चार ओळींत लिहावें. महिन्यांतून एकदां गांवच्या वाचनालयांत चार कारागिरांनीं वह्या घेऊन बसावें. धंद्यांतील गुपित उघडें होईल, ही भीति मनांत येईल. परंतु गिऱ्हाईक येतें तें शुद्ध आणि सुबक कामासाठीं. शेजाऱ्यास जोडाक्षर जुळवितां येत नाहीं म्हणून नव्हे.

उमेदवारीची जुनी परंपरा अशानें नव्या रूपांत परत येईल. पुढच्या हंगामांत नाटकाची जाहिरात हातीं पडेल, तेव्हां नटांचीं नांवें तर वाचाच. पण क्षणभर अक्षरही निरखून पहा. तें नीट असेल, तर तें जुळविणाऱ्याचेंही कौतुक करावें, एवढीच विनंति.