पाहुणा कलावंत आणि आपले नृत्यपथक

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच मुलामुलींनी नृत्य सादर केले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवून त्यांचे कौतुक केले. पण या नृत्यपथकासंबंधी गेले काही दिवस वस्तीत एक चर्चा चालू आहे, ती आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या जयंतीसाठी बाहेरून नृत्यशिक्षक बोलवायचा की नाही, वादक बोलवायचे की कॅसेटवर भागवायचे, आणि बोलवले तर वर्गणीतून त्यांना पैसे द्यायचे की नाही? काही मंडळी म्हणतात, आपली पोरं आपण बसवू, बाहेरचा माणूस कशाला? तो येणार, आपल्या गाण्याला सिनेमातला नाच लावणार आणि पाकीट घेऊन जाणार. दुसरी मंडळी म्हणतात, अहो, शिकवल्याशिवाय येणार कसं? दोन्ही बाजू पथकाच्या काळजीपोटीच बोलतात. म्हणून आम्ही ठरवले की या विषयावर नुसती मते मांडण्यापेक्षा, आपल्या देशात नृत्याचे संच कसे उभे राहिले, त्यांना कोणी कोणी हात दिला, हे आपल्यापुढे ठेवावे. मग निर्णय समितीने आणि पालकांनी घ्यावा.

आम्ही उदाहरण घेतो ते उदयशंकर यांचे. १९०० साली उदयपूरला त्यांचा जन्म झाला. आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकले आणि पुढे चित्रकलेसाठीच लंडनला गेले. म्हणजे बघा, ज्या माणसाचे नाव आज भारतीय नृत्याच्या इतिहासात घेतले जाते, तो मुळात चित्रकलेचा विद्यार्थी! लंडनला त्यांची गाठ ॲना पावलोवा या जगप्रसिद्ध रशियन नर्तिकेशी पडली. तिला हिंदुस्थानी विषयांवर नृत्ये बसवायची होती. १९२३ साली तिच्या संचात उदयशंकर पाहुणे कलावंत म्हणून उभे राहिले. हिंदू विवाह आणि राधाकृष्ण अशा दोन विषयांवरची नृत्ये त्यांनी रचून दिली. त्या वेळी त्यांनी शास्त्रोक्त नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पावलोवाला त्यांच्याकडून विषय मिळाला आणि त्यांना तिच्याकडून रंगमंच मिळाला. पाहुणा कलावंत येतो तेव्हा देणारा एक आणि घेणारा दुसरा असे नसते. दोन्ही बाजू काही देतात आणि दोन्ही बाजू काही घेऊन जातात.

पुढे उदयशंकरांनी स्वतःचा संच काढला. ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या एका मोठ्या नाट्यगृहात या संचाचा पहिला प्रयोग झाला. आता या संचात कोण कोण होते ते ऐका. घरचे भाऊ, काका, चुलतबहीण होतीच. पण पैशाची आणि व्यवस्थेची बाजू सांभाळली ती ॲलिस बोनर या स्विस बाईंनी. त्या शिल्पकार होत्या. उदयशंकरांबरोबर त्या भारतभर फिरल्या, इथली लेणी, मंदिरे, नृत्ये पाहिली आणि मगच संच उभा केला. नृत्यात जोडीला सिम्की नावाची फ्रेंच मुलगी होती. संगीताची बाजू सरोदवादक तिमिरबरन यांनी बांधली. त्यांच्यानंतर ती जबाबदारी विष्णुदास शिराळी यांच्याकडे आली. हे शिराळी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. एक स्विस, एक फ्रेंच, काही बंगाली, एक पलुस्करांच्या तालमीतला. घरचे आणि बाहेरचे असा भेद केला असता तर हा संच उभाच राहिला नसता.

पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आता सांगतो. संचात उदयशंकरांचा धाकटा भाऊ होता. पहिल्या प्रयोगाच्या वेळी तो अवघ्या १० वर्षांचा. तो संचात नाचायचा, हाताला लागेल ते वाद्य वाजवायचा. १९३५ साली मैहर संस्थानचे दरबारी वादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ या संचाबरोबर पाहुणे कलावंत म्हणून परदेश दौऱ्यावर गेले. या पोराने त्यांचे वादन ऐकले, त्यांच्याकडून थोडे शिकले, आणि मनाने ठरवले की शिकायचे तर यांच्याकडेच. १९३८ साली नाच आणि परदेशचा थाटमाट सोडून तो मैहरला जाऊन राहिला आणि वर्षानुवर्षे सतार शिकला. तेच पंडित रविशंकर. एक पाहुणा वादक वर्षभर संचाबरोबर राहिला आणि एका मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली. आपल्या पथकात आज जी २०-२५ मुले-मुली आहेत, त्यांत कोणाच्या अंगात काय दडले आहे ते आपल्याला आज सांगता येणार नाही. जाणकार माणूस समोर आल्याशिवाय ते त्या मुलालाही कळत नाही.

आता अल्मोडा. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत, अल्मोड्याला उदयशंकरांनी १९३८ पासून एक संस्कृती केंद्र उभे केले. त्याला इंग्लंडमधल्या एल्महर्स्ट दांपत्याकडून आर्थिक मदत मिळाली होती. तिथे त्यांनी शिकवायला कोणाला बोलावले? कथकळीसाठी केरळचे गुरू शंकरन नंबुद्री. भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै, म्हणजे थोर नर्तिका बालासरस्वती यांचे गुरू. मणिपुरीसाठी अमोबी सिंह. संगीतासाठी पुन्हा अल्लाउद्दीन खाँ. देशाच्या चार कोपऱ्यांतली माणसे एका डोंगरावर आली. भाषा वेगळी, जेवण वेगळे, पूजा-प्रार्थनेची रीत वेगळी.

उदयशंकरांची स्वतःची नृत्यशैली या तिघांहून निराळी होती. पण त्यांनी गुरूंना असे म्हटले नाही की तुम्ही माझ्यासारखे शिकवा. कथकळीच्या गुरूने कथकळीच शिकवली, मणिपुरीच्या गुरूने मणिपुरीच शिकवली. विद्यार्थ्यांनी पाया तिघांकडून घेतला आणि त्यातून स्वतःचे काय रचायचे ते वेगळ्या तासाला, उदयशंकरांच्या देखरेखीखाली रचून पाहिले. पाहुण्याला त्याचे काम मोकळेपणाने करू द्यायचे, पण आपल्याला काय सांगायचे आहे ते आपल्या हातात ठेवायचे, अशी ही पद्धत होती. ‘तो येऊन सिनेमाचा नाच लावेल’ ही जी भीती आपल्यातले काही जण बोलून दाखवतात, तिला आमच्या मते उत्तर इथे आहे. पाऊल कसे टाकावे, हात कुठे असावा, रांग कशी वळावी, हे त्याच्याकडून घ्या. गाण्याचा अर्थ काय, महाड म्हणजे काय, दीक्षाभूमी म्हणजे काय, हे आपण त्याला सांगायचे. त्यासाठी एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसावे लागते. ती संध्याकाळ आपण दिली नाही तर मग त्याने जवळ जे आहे ते लावले, याचा दोष त्याला कसा देणार?

अल्मोड्याचे केंद्र फार वर्षे टिकले नाही. महायुद्धाचा काळ, पैशाची चणचण, आणि सगळा भार एका माणसावर. काही वर्षांतच ते बंद पडले. गुरू आपापल्या गावी गेले. मग सगळे वाया गेले का? नाही. त्या केंद्रातून बाहेर पडलेली मुले पाहा. एक गुरुदत्त. ते पुढे आपल्या पुण्याच्या प्रभात कंपनीत आले, नृत्यदिग्दर्शन करू लागले, आणि पुढे त्यांनी कोणते चित्रपट काढले ते आपण जाणताच. जोहरा सेहगल संचात नाचत होत्या आणि अल्मोड्यात शिकवतही होत्या. त्या पुढे पृथ्वी थिएटरमध्ये आल्या. सिम्की यांनी १९५१ च्या ‘आवारा’ चित्रपटातले ते गाजलेले स्वप्नदृश्य बसवले. ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, पण बसवणारीचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणि एक शांती बर्धन. हे अल्मोड्याहून मुंबईला आले. अंधेरीला ‘इप्टा’ म्हणजे भारतीय जननाट्य संघाचे मध्यवर्ती पथक १९४४ च्या सुमारास एकत्र राहत होते. बंगालमध्ये १९४३ चा भयंकर दुष्काळ पडलेला. त्या भुकेची कहाणी नृत्य-गाण्यांतून सांगून हे पथक मदत गोळा करीत होते. शांती बर्धन नृत्य बसवीत, रविशंकरही काही काळ त्यांच्याबरोबर संगीतासाठी राहिले. पुढे १९५२ साली बर्धनांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ नावाचा छोटा संच काढला. त्या वेळी त्यांना क्षयाने पोखरले होते. तरीही त्यांनी ‘रामायण’ बसवले, तेही असे की माणसे नाचताना कळसूत्री बाहुल्याच नाचत आहेत असे वाटावे. मुखवटे आणि नेपथ्य अप्पुण्णी कर्ता यांचे, संगीत बहादूर खाँ यांचे. १९५४ साली बर्धन वारले. संच मोडला असता. पण त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी तो धरून ठेवला. मुंबईहून तो ग्वाल्हेरला गेला, तिथून भोपाळला गेला. २०१० साली गुल बर्धन यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. नवरा गेल्यावर ५० वर्षांहून अधिक काळ त्या बाईने संच चालवला. हे शक्य झाले, कारण काम एकट्याच्या डोक्यात राहिलेले नव्हते. ते अनेकांच्या अंगात उतरले होते.

म्हणून आम्ही म्हणतो, पाहुणा कलावंत किती मोठा होता यापेक्षा तो गेल्यावर आपल्याकडे काय उरले हे पाहावे. जयंतीचा कार्यक्रम झाला, टाळ्या मिळाल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असे होत असेल तर पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल. पण त्याच्या हाताखाली आपल्या दोन मोठ्या मुली तयार झाल्या, तर पुढची पाच वर्षे लहानांना त्याच शिकवतील.

आता मानधनाचे. वस्तीतल्या कार्यक्रमाला कलावंत म्हटला की चहा, नारळ आणि जयभीम एवढ्यावर भागवायची सर्वत्र रीत आहे. पण विचार करा. ढोलकी वाजवणारा माणूस दिवसा कुठेतरी रोजंदारीवर असतो. तालमीसाठी चार दिवस लवकर निघाला तर चार दिवसांचा रोज बुडतो. वर बसभाडे. त्याच्या घरीही पोरंबाळं आहेत. श्रमाचा योग्य मोबदला मिळावा म्हणून आयुष्यभर झगडलेल्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. मग कला हे श्रम नव्हेत काय? आपल्या पूर्वजांनी गावोगावी हलगी वाजवली, ढोलकी वाजवली, तमाशाचे फड गाजवले. लोकांनी करमणूक करून घेतली, शिधा दिला, आणि नाव कोणी लिहून ठेवले नाही. ती रीत आपण आपल्या अंगणात चालू ठेवायची नाही.

नावाची गोष्ट तर पैशाहून मोठी आहे. आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. पुढे भीमराव कर्डकांनी या जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून त्या कामाची माहिती आज आपल्या हाती आहे. ज्यांच्याबद्दल कोणी लिहिले नाही असे किती गायक, किती झीलकरी, किती ढोलकीवाले काळाच्या पोटात गेले असतील! पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची नावे ठळक असतात, देणगीदारांची असतात. मुलींचे कपडे रात्र रात्र बसून शिवणाऱ्या ताईचे नाव नसते, मेकअप करणारीचे नसते, पेटी वाजवणाऱ्याचे नसते.

तेव्हा समितीपुढे आमची चार मागणी आहेत. एक, बाहेरचा शिक्षक बोलवावा, पण ठरावीक मुदतीसाठी, आणि त्याच्याबरोबर आपल्या दोन मुली शिकाऊ म्हणून पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. दोन, भाडे आणि मानधन आधी ठरवावे, कमी असले तरी चालेल, पण कार्यक्रम संपल्यावर ‘बघू’ असे नको. तीन, तालमीच्या आधी एक बैठक घेऊन गाण्याचा अर्थ आणि त्यामागचा इतिहास त्याला नीट समजावून सांगावा, मुलांनाही त्याच वेळी समोर बसवावे. चार, या स्मरणिकेत दरवर्षी एक पान फक्त हात लावणाऱ्यांच्या नावांसाठी ठेवावे. वादक, शिवणारी, शिकवणारा, दिवे सांभाळणारा, ट्रंका उचलणारा, सर्वांची नावे.

वर्गणी आपल्या सर्वांच्या कष्टाची आहे, हे आम्ही जाणतो. छपराचे काम राहिले आहे, वाचनालयाला कपाट हवे आहे, हेही जाणतो. त्यातून थोडे या पथकाला द्यावे की न द्यावे, हा प्रश्न सोपा नाही. पण छप्पर ज्यांच्या डोक्यावर घालायचे ती हीच मुले आहेत. त्यांना समोर उभे राहायला, ताठ मानेने चार लोकांत वावरायला आणि आपली गोष्ट आपल्या अंगाने सांगायला शिकवणारा माणूस कुठल्याही जातीचा, कुठल्याही गावचा असो, तो आपल्या दारी आला तर त्याला पाटावर बसवावे, त्याचे पैसे हातात द्यावेत आणि त्याचे नाव वहीत लिहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

समितीची बैठक येत्या रविवारी वंदनेनंतर आहे. पालकांनी, विशेषतः मुलींच्या आयांनी, अवश्य यावे आणि आपले मत सांगावे. 

नमो बुद्धाय! जयभीम!