नेक्रोसिस : एका शब्दाचे दोन अर्थ
(व्याख्यानाचा मजकूर)



मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरतो तेव्हा तो बहुधा प्रथम यकृतात जातो. कारण आतड्यातील रक्त आधी यकृताकडे वाहते. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त मात्र यकृताला वगळून हृदयामार्गे फुफ्फुसात पोहोचू शकते. फुफ्फुसातील गाठी मोजक्या असतील व प्रकृती साथ देत असेल, तर काही रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढतात. त्यानंतरच्या पॅथॉलॉजी अहवालात पुष्कळदा ‘नेक्रोसिस’ हा शब्द आढळतो. नेक्रोसिस म्हणजे गाठीतील पेशी मृत होणे. हे वाचून कुटुंबीयांना हायसे वाटते. परंतु वैद्यकशास्त्र इतक्या लवकर निर्वाळा देत नाही.

१९५५ मध्ये इंग्लंडमधील थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्श्यापलीकडे प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथील पेशी मरतात, असे त्यांना दिसले. गाठ झपाट्याने वाढते, रक्तपुरवठा मागे पडतो. मध्यभाग मृत होतो, कडा मात्र जिवंत राहते. प्राणवायूला पारख्या झालेल्या, तरीही तग धरणाऱ्या पेशी नव्या रक्तवाहिन्यांना आमंत्रण देतात आणि किरणोपचारालाही सहसा दाद देत नाहीत. गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकेतील डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याच दिशेने पुढे बेव्हॅसिझुमॅब हे औषध आले. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

म्हणूनच उपचारापूर्वीच आढळणारे विस्तृत नेक्रोसिस हे बहुधा रोगाच्या आक्रमकतेचे चिन्ह समजले जाते. केमोथेरपीनंतर दिसणारे नेक्रोसिस हा मात्र औषधाचा परिणामही असू शकतो. शब्द एक, अर्थ दोन.

तथापि, जमाखर्चाच्या वहीतील एका नोंदीवरून ताळेबंद ठरत नाही. गाठींची संख्या, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर लोटलेला काळ, रक्तातील सीईए या घटकाचे प्रमाण आणि छातीतील लसिकाग्रंथींची स्थिती यांचाही विचार करूनच डॉक्टर पुढील अंदाज बांधतात. तोही अंदाजच असतो, निवाडा नव्हे.

तेव्हा अहवाल हाती येताच आनंद वा शोक करण्यापूर्वी कुटुंबीयांनी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हे नेक्रोसिस उपचारापूर्वीचे की नंतरचे? आणि गाठीच्या कडेला जिवंत पेशी किती उरल्या आहेत? या दोन उत्तरांनी अनाठायी आशा टळेल आणि अनाठायी निराशाही.